विलीज एमबी जीपचे पुनरुज्जीवन

विलीज एमबी जीपचे पुनरुज्जीवन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनवलेली विलीज एमबी आणि तिच्याशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी फोर्ड जीपीडब्ल्यू ही हलकी लष्करी वाहने दुरुस्त करून चालण्याजोग्या व शक्य तितक्या मूळ स्थितीत आणण्याची प्रक्रिया होय. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या या वाहनांचे उत्पादन १९४१ ते १९४५ या काळात झाले. त्यांची रचना साधी असल्यामुळे यांत्रिक दुरुस्ती तुलनेने सोपी असते. मात्र कोणता भाग दुरुस्त करावा, कोणता बदलावा आणि कोणता आहे तसाच ठेवावा, हे ठरवणे अवघड असते. चुकीच्या निर्णयाने वाहनाचा इतिहास सांगणाऱ्या खुणा कायमच्या नष्ट होऊ शकतात.

पार्श्वभूमी

१९४० साली अमेरिकी सैन्याने पाहणीसाठी उपयुक्त अशा हलक्या वाहनाची मागणी वाहन उद्योगाकडे नोंदवली. अमेरिकन बँटम या कंपनीने अभियंता कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून पहिला नमुना सप्टेंबर १९४० मध्ये सादर केला. त्यानंतर विलीज-ओव्हरलँड व फोर्ड यांनीही आपापले नमुने दिले. अधिक शक्तिशाली इंजिनामुळे विलीजच्या आराखड्याची निवड झाली. एकट्या कंपनीकडून पुरेसा पुरवठा होणे शक्य नसल्याने त्याच आराखड्यावरून फोर्डलाही उत्पादनाचे काम देण्यात आले. युद्धकाळात दोन्ही कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून अधिक जीप तयार केल्या.

युद्धानंतर अनेक जीप शेती, जंगलखाते, शिकार आणि प्रवासी वाहतूक अशा कामांत वापरल्या गेल्या. या वापरात त्यांचे मूळ भाग बदलले गेले, पत्रे कापले गेले आणि रंगांचे थरावर थर चढले. आज पुनरुज्जीवनासाठी हाती येणारे वाहन बहुधा अनेक गाड्यांच्या भागांचे मिश्रण असते.

तांत्रिक तपशील

इंजिन : चार सिलिंडरांचे, साइड व्हॉल्व्ह रचनेचे ‘गो डेव्हिल’ एल-१३४ पेट्रोल इंजिन
क्षमता : सुमारे २,२०० घन सेंमी
शक्ती : ६० अश्वशक्ती
प्रज्वलन क्रम : १-३-४-२
गिअरबॉक्स : टी-८४, तीन गती
ट्रान्सफर केस : स्पायसर १८, दोन श्रेणी
अंतिम गुणोत्तर : ४.८८ : १
चाकतळ : ८० इंच (२,०३२ मिमी)
विद्युत यंत्रणा : ६ व्होल्ट
टायर : ६.००-१६

ओळख निश्चित करणे

सुटे भाग खोलण्यापूर्वी वाहनाची ओळख निश्चित करणे ही पहिली पायरी मानली जाते. एमबी व जीपीडब्ल्यू या गाड्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या चासीत फरक आहे. एमबीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असतो, तर जीपीडब्ल्यूचा उलट्या ‘यू’ आकाराचा असतो. एमबीचा चासी क्रमांक डाव्या दांड्याच्या आतील बाजूस, पुढील बंपरच्या मागे, रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर असतो. फोर्डने तो डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठभागावर ठोकला होता. फोर्डने आपल्या अनेक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर उमटवले होते.

सुरुवातीच्या सुमारे २५ हजार विलीज गाड्यांची पुढची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून बनवलेली होती. नंतर पत्रा दाबून तयार केलेली नऊ खाचांची जाळी वापरात आली. युद्धोत्तर नागरी सीजे मालिकेच्या जाळीत सात खाचा असतात. म्हणून सात खाचांची जाळी लावलेली ‘युद्धकालीन’ जीप तपासताना निदान तेवढा भाग नंतर बदललेला आहे, हे लगेच समजते.

इंजिनाचा क्रमांक चासीच्या क्रमांकाशी जुळत नसल्यास ती फसवणूकच असते, असे नाही. सैन्याच्या कार्यशाळांतही इंजिने सर्रास अदलाबदल केली जात. अशा वेळी जुळणारा क्रमांक नव्याने ठोकणे हा मात्र पुराव्यातील खोटेपणा ठरतो आणि नोंदणीच्या दृष्टीने गुन्हाही ठरू शकतो.

मूळ दस्तऐवज

अमेरिकी युद्ध विभागाने प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक पुस्तिका हा पुनरुज्जीवनाचा मुख्य आधार आहे. टीएम ९-८०३ ही चालक व देखभालीसाठीची पुस्तिका आहे. टीएम ९-१८०३ए मध्ये इंजिन व क्लच, तर टीएम ९-१८०३बी मध्ये शक्तिप्रेषण, बॉडी व चासी यांची माहिती आहे. सुट्या भागांची अधिकृत यादी जी-५०३ या क्रमांकाने ओळखली जाते.

चासी आणि पत्रा

बॉडी उतरवण्यापूर्वी प्रत्येक भागाची छायाचित्रे घेणे, नटबोल्ट स्वतंत्र पिशव्यांत चिठ्ठीसह ठेवणे आणि तारांचे मार्ग नोंदवणे आवश्यक असते. त्यानंतर चासी कर्ण मापून सरळ आहे का, हे पाहिले जाते. दोन्ही कर्ण समान नसतील तर चासी पिळलेली असते व तिच्यावर बसवलेली बॉडी नीट जुळत नाही. पाट्यांच्या आधारांजवळ व शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या कंसांजवळ तडे शोधावे लागतात.

पत्र्यातील गंजाचे एक कारण मूळ रचनेतच आहे. तळाच्या पत्र्याखाली मजबुतीसाठी टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या जोडलेल्या असून त्यांत लाकूड भरलेले होते. हे लाकूड पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून कुजतो. चालकाच्या आसनाखालील पेट्रोल टाकीचा खळगा व मागच्या कोपऱ्यांतील हत्यारपेट्या याही ठिकाणी गंज अधिक आढळतो. वरून पुट्टी भरून रंग दिल्यास दोष झाकला जातो, थांबत नाही. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंगने जोडणे हा योग्य उपाय आहे.

पूर्ण बॉडी नव्याने बनवलेलीही मिळते. फिलिपिन्समध्ये अशा प्रतिकृती तयार होतात. त्यामुळे काम लवकर होते. तथापि मूळ बॉडीवरील गोळीचे छिद्र, सैन्य कार्यशाळेतील वेल्डिंग किंवा रंगाखालचे क्रमांक त्याबरोबर निघून जातात. म्हणून मूळ बॉडीचा वाचण्याजोगा भाग राखून फक्त तळ बदलावा, असा सल्ला जाणकार देतात.

इंजिन

एल-१३४ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे ब्लॉकला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीजवळ तडा गेला आहे का, हे आधी तपासले जाते. तडा खोल असल्यास पुढील सर्व खर्च वाया जाऊ शकतो. म्हणून रिबोअर करण्यापूर्वीच ब्लॉकची दाबचाचणी करून घेणे हितावह ठरते.

सिलिंडरची झीज मापून त्यानुसार रिबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवले जातात. क्रँकशाफ्ट तीन मुख्य बेअरिंगांवर फिरतो. त्याचे घासलेले भाग ग्राइंडिंग करून कमी मापाची बेअरिंगे लावतात. व्हॉल्व्ह व टॅपेट यांमधील अंतर इंजिन थंड असताना ०.०१४ इंच, स्पार्क प्लगचे अंतर ०.०३० इंच आणि डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचे अंतर ०.०२० इंच ठेवले जाते. मूळ ऑइल फिल्टरमधून तेलाचा केवळ काही अंशच जातो. म्हणून ऑइल वारंवार बदलावे लागते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल पंपातील पडदा खराब होतो. हे भाग इथेनॉल सहन करणाऱ्या पदार्थांचे बसवणे हा बाहेरून न दिसणारा, परंतु आग टाळणारा बदल आहे.

शक्तिप्रेषण, ब्रेक आणि स्टिअरिंग

टी-८४ गिअरबॉक्समधील झिजलेल्या भागांमुळे उतारावर दुसरा गिअर आपोआप निसटणे ही परिचित तक्रार आहे. केवळ बाहेरून जोडणी आवळून ती दूर होत नाही. सिंक्रोनायझर व शाफ्टमधील ढिलाई तपासावी लागते.

चारही चाकांना नऊ इंची ड्रम असलेले हायड्रॉलिक ब्रेक आहेत, पण त्यांची यंत्रणा एकाच मंडलाची आहे. एका चाकाच्या सिलिंडरमधून गळती झाली तरी चारही ब्रेक निकामी होऊ शकतात. हँडब्रेक चाकांवर नव्हे, तर ट्रान्सफर केसच्या मागील बाजूच्या ड्रमवर काम करतो व तो गाडी उभी करण्यापुरताच आहे. त्यामुळे ब्रेकच्या सर्व नळ्या, होज व सिलिंडर एकाच वेळी नवे करण्याची पद्धत आहे.

पुढची चाके थरथरू लागल्यास किंगपिनची बेअरिंगे, स्टिअरिंगचा मधला बेलक्रँक व टाय रॉडची टोके ही कारणे तपासली जातात.

डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ही बाब ठाऊक नसल्याने जोर लावून बोल्ट तोडल्याचे प्रकार घडतात.

विद्युत यंत्रणा

मूळ यंत्रणा ६ व्होल्टची आहे. तिला तितक्याच शक्तीसाठी अधिक प्रवाह लागतो; म्हणून जाड तारा आणि स्वच्छ अर्थिंग अत्यावश्यक असते. मंद दिवे व सुस्त स्टार्टर यांचे कारण पुष्कळदा बारीक तार किंवा रंगावर घट्ट केलेले अर्थिंग हेच असते. नियमित वापरासाठी काहीजण १२ व्होल्टची यंत्रणा बसवतात. तसे करताना मूळ जनरेटर, रेग्युलेटर व मोटार जपून ठेवल्यास बदल पुन्हा उलटवता येतो.

सुरक्षितता

युद्धकाळातील ‘कॉम्बॅट’ चाके दोन भागांची असून ते आठ नटांनी जोडलेले असतात. चाक गाडीवरून काढण्यासाठीचे पाच नट वेगळे असतात. टायरमधील हवा पूर्णपणे काढून टाकण्यापूर्वी चाकाचे आठ नट सैल केल्यास दोन्ही भाग स्फोटासारखे अलग होऊन प्राणघातक इजा होऊ शकते. म्हणून व्हॉल्व्हची सुई काढून हवा संपल्याची खात्री केल्याशिवाय या नटांना हात लावू नये.

जुन्या ब्रेक लाइनिंगमध्ये व गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेकमधील धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या रंगात शिसे, तर काही लष्करी मापकांच्या चमकणाऱ्या अंकांत रेडियम असण्याची शक्यता असते. त्यामुळे ते कोरडे घासणे अथवा खरवडणे टाळावे.

रंग आणि खुणा

अमेरिकी स्थलसेनेच्या जीपला चमक नसलेला ऑलिव्ह ड्रॅब रंग दिला जात असे. बोनेटच्या बाजूंवरील नोंदणी क्रमांक सुरुवातीला निळसर व नंतर पांढऱ्या रंगात लिहिले गेले. या प्रकारच्या वाहनांचा क्रमांक २० ने सुरू होई. रेडिओतील व्यत्यय रोखणारी साधने बसवलेल्या गाड्यांवर ‘एस’ हे अक्षर लिहिलेले असे.

बोनेटवरील रंगाचे थर बारीक पॉलिश पेपरने पाण्यासह हळूहळू घासल्यास मूळ क्रमांक अनेकदा दिसू लागतो. संपूर्ण बॉडी सँडब्लास्टिंगला दिल्यावर हा पुरावा परत मिळत नाही. त्यामुळे रंग काढण्यापूर्वी असे तपासणे हा पुनरुज्जीवनातील महत्त्वाचा टप्पा समजला जातो.

भारतातील स्थिती

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जीपचा मोठा वापर झाला. युद्धोत्तर काळात मुंबईतील माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली व पुढे सीजे-३बी या नमुन्याचे उत्पादन भारतात दीर्घकाळ चालू राहिले. या नमुन्याचे एफ-१३४ इंजिन जुन्या एल-१३४ वरून विकसित केलेले असल्याने दोहोंचे बोअर व स्ट्रोक सारखे आहेत. त्यामुळे भारतीय बाजारात काही सुटे भाग आणि या रचनेची माहिती असलेले कारागीर उपलब्ध राहिले. दुसरीकडे, त्याच सुलभतेमुळे अनेक युद्धकालीन जीपना नंतरचे बोनेट, जाळी किंवा डिझेल इंजिन बसवले गेले.

भारतात २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी विशेष नियम करण्यात आले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ ही अक्षरमालिका मिळते. शुल्क २०,००० रुपये असून मुदत १० वर्षांची आहे. अशी वाहने नित्याच्या प्रवासासाठी वापरता येत नाहीत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांच्या फेऱ्या, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार संरक्षण खात्याखेरीज अन्य वाहनांना ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास मनाई आहे. त्यामुळे ऐतिहासिकदृष्ट्या अचूक लष्करी रंग आणि कायद्याचे पालन यांत विरोध निर्माण होतो. अमेरिकी नौदलाच्या जीप करड्या, तर वाळवंटातील ब्रिटिश जीप वाळूच्या रंगाच्या होत्या. परंतु स्थलसेनेच्या गाडीला हे रंग दिल्यास तिचा इतिहास बदलतो. अशा वेळी रंगाच्या मूळ थराचा छोटा तुकडा आतील भागात राखून त्याची नोंद ठेवणे हा एक मार्ग आहे.

जतन आणि पुनरुज्जीवन यांतील फरक

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फीव्हा) स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेत जतन व पुनरुज्जीवन या संकल्पनांत भेद केला आहे. जतनात आहे ती स्थिती टिकवण्यावर भर असतो. पुनरुज्जीवनात हरवलेले किंवा निकामी भाग पूर्ववत केले जातात. कारखान्यातून निघाल्यासारखी चकचकीत जीप प्रदर्शनात लक्ष वेधून घेते. पण ८० वर्षांत तिच्यावर काय घडले, याची साक्ष त्या रंगाखाली राहत नाही.

या मतभेदावर सर्वमान्य उत्तर नाही. तथापि ब्रेक, स्टिअरिंग, इंधन व चाके यांबाबत सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे, इतर ठिकाणी मूळ भाग राखावेत, बदल उलटवता येण्याजोगे असावेत आणि केलेल्या प्रत्येक कामाची छायाचित्रांसह लेखी नोंद वाहनासोबत ठेवावी, ही तत्त्वे सामान्यतः मान्य केली जातात. अशी नोंद असल्यास पुढील मालकाला किंवा अभ्यासकाला गाडीतील १९४३ चा भाग कोणता आणि कालचा कोणता, हे सांगता येते.

हेही पहा

जीप
विलीज एमबी
दुसरे महायुद्ध
महिंद्र अँड महिंद्र