मुंबई इलाख्याचें वाळवंट

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, आजच्या मीरा-भाईंदर शहराच्या हद्दींत, घोडबंदर आहे. अरबस्तानांतून आलेले घोडे तेथें उतरत, म्हणून तें नांव पडलें, असें सांगतात. तेथील पोर्तुगीज किल्ला मराठ्यांनीं 1737 सालीं घेतला. अरबी किनारा कोंकणच्या माणसाला अगदींच परका नव्हता, याची ही एक खूण. परंतु त्या किनाऱ्याचा एक तुकडा जवळजवळ शतकभर मुंबई सरकारच्याच कारभारांत होता, ही गोष्ट मात्र आपल्याकडे पार विस्मरणांत गेली आहे. तो तुकडा म्हणजे एडन.

19 जानेवारी 1839 रोजीं कॅप्टन हेन्स यानें कंपनी सरकारसाठीं एडन जिंकलें. एका फुटलेल्या जहाजाची लूट, हें त्याचें निमित्त. खरें कारण कोळसा. 1830 सालीं ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे गेली, तेव्हांच दिसून आलें होतें कीं, वाटेंत कोळसा भरल्यावांचून हा पल्ला गांठतां येत नाहीं. हेन्सच्या हातीं लागलें तेव्हां हें पुरातन बंदर मोडकळीस येऊन जेमतेम सहाशें वस्तीचें गांव उरलें होतें. 1850 मध्यें तें जकातमुक्त झालें, 1869 मध्यें सुएझचा कालवा उघडला, आणि विलायतेस जाणाऱ्या प्रत्येक हिंदी प्रवाशाच्या वाटेवर एडन आलें.

प्रवाशाला तेथें मिळत ते कांहीं तास. बोट थांबतांच सोमाली पोरें भोंवतीं पोहूं लागत आणि पाण्यांत फेंकलेलीं नाणीं बुडी मारून वर काढीत. किनाऱ्यावर उतरावें तर चलन रुपयाचें, टपाल हिंदुस्थानचें, आणि अपिलें मुंबईच्या हायकोर्टांत! स्टीमर पॉइंटापासून गाडी करून विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत वसलेलें जुनें गांव पाहावें, हा ठरलेला क्रम. वाटेंत झाड म्हणून नाहीं. काळे कातळ आणि पाणी वाहणारे उंट. पुढें मिठागरें झालीं, तेथें खारें पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या दिसत. भाईंदरच्या आगरांत मीठ पिकविणाऱ्याला तेवढेंच काय तें ओळखीचें वाटलें असतें. खरोखर पाहण्याजोगीं म्हणजे डोंगराच्या घळींत खोदलेलीं प्राचीन टाकीं. क्वचित् पडणारा पाऊस सांठविण्यासाठीं केलेलीं हीं टाकीं दगडमातीनें बुजलीं होतीं. प्लेफेअर नांवाच्या अधिकाऱ्यानें तीं 1850 नंतरच्या दशकांत उकरून काढविलीं. तरीहि पाणी पुरेना, म्हणून समुद्राचें पाणी उकळून वाफेपासून गोडें पाणी करावें लागे.

प्रवाशाच्या कुतूहलाचा हा ओसाडपणा दुसऱ्या एका मराठी माणसाला निराळाच दिसला. 1880 च्या जानेवारींत वासुदेव बळवंत फडके यांना ठाण्याच्या तुरुंगांतून एडनला नेण्यांत आलें. पनवेलजवळच्या शिरढोणचा हा पुरुष सह्याद्रींत सरकारला महिनोन् महिने सांपडला नव्हता. रान त्याचें होतें, रामोशी त्याचे होते. एडनमध्यें ना रान, ना ओळखीची भाषा, आणि पाणी सरकारी पहाऱ्यांत. तुरुंगाच्या भिंतीपेक्षां हा मुलूखच अधिक बळकट होता. फडक्यांनीं कोठडीचें दार बिजागऱ्यांतून उखडून पळ काढलाहि. परंतु त्या उघड्या माळावर लपणार कोठें? ते लवकरच पकडले गेले. 17 फेब्रुवारी 1883 रोजीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, तेथेंच त्यांचा अंत झाला. एडन मुंबई इलाख्यांतच मोडत असल्यानें कागदोपत्रीं हा कैदी इलाख्याबाहेर गेलाच नव्हता! त्या तीन वर्षांत किती मराठी प्रवासी टाकीं पाहून संध्याकाळीं बोटीवर परतले असतील, त्याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं.

1932 सालीं एडन मुंबईकडून दिल्लीकडे गेलें आणि 1 एप्रिल 1937 रोजीं हिंदुस्थानापासून वेगळें झालें. रुपया मात्र 1951 पर्यंत चालला. 1967 च्या जूनमध्यें सुएझचा कालवा बंद पडला तो 1975 पर्यंत. त्याच 1967 च्या नोव्हेंबरांत इंग्रजहि निघून गेले. बोटी थांबेनाशा झाल्या, आणि स्टीमर पॉइंटावरच्या दुकानांचें गिऱ्हाईक तुटलें.