मूर्तिजापूर आधी तपासा

वऱ्हाडातल्या गावांची नावं संगणकाला फार छळतात, आणि माझं पोट त्या छळावरच चालतं. मूर्तिजापूर, मोर्शी, बार्शीटाकळी, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर: जिकडेतिकडे रफार. वरून वऱ्हाडातला तो आडवा र. जुन्या फॉन्टांतलं मराठी ब्राउझरमध्ये वाचता यावं म्हणून जी एक्स्टेन्शनं लिहितात, ती आपोआप तपासणाऱ्या चाचण्या मी रचतो. माझ्या यादीत सर्वांत वर हीच गावं असतात.

सुरुवात अमरावतीच्या राजकमल चौकाजवळ, डीटीपीच्या दुकानात झाली. श्रीलिपी फॉन्टांचा कोड वेगळा, आकृतीचा वेगळा. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की कोडाचं प्रमाण १९९१ मध्येच ठरलं होतं, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरी आली होती; पण लग्नपत्रिका छापणाऱ्याला त्याचं काय? मी कोडांच्या भानगडीत शिरलो की मालक म्हणायचे, "कावून एवढा जीव काढतो बे? छापल्यावर दिसते ना बराबर?" कागदापुरतं त्यांचं खरंच होतं.

वर्तमानपत्रं इंटरनेटवर गेली तेव्हा पंचाईत झाली. त्या पेपरचा फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर बातमीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा, आणि शोधायला गेलं तर काही सापडायचं नाही. मूर्तिजापूरच घ्या. जुन्या फॉन्टात डोळ्याला दिसतं त्या क्रमानं टंकायचं: मू, मग वेलांटी, मग त, मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो: मू, पाय मोडलेला र, त, शेवटी वेलांटी. म्हणजे वेलांटी उचलून तच्या नंतर न्यायची आणि रफार उचलून तच्या आधी आणायचा. मोर्शीत दीर्घ वेलांटी, म्हणून रफार शी ओलांडून त्याच्या आधी न्यावा लागतो. वऱ्हाडात मात्र रफार करायचाच नाही, नाहीतर वर्हाड होतं.

हे काम फायरफॉक्समध्ये करणारं 'पद्मा' नावाचं एक्स्टेन्शन होतं. तेलुगू, तमिळ, मल्याळमसोबत ते मराठीही जाणत होतं. तपासायची रीत एकच: पान उघडा, डोळे फोडा.

तिकडे शिकागोत थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्सनं २००४ मध्ये ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम लिहिलं. २००६ मध्ये जपानच्या शिन्या कासातानीनं सेलेनियम आयडीई दिलं, आणि गंमत म्हणजे ते स्वतःच फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन होतं. ब्राउझर चालवणारं दुसरं साधन म्हणजे वेबड्रायव्हर; तोही फायरफॉक्सला हाकायचा तो एक एक्स्टेन्शन आत घुसवूनच. त्यामुळे मरणही बरोबरच आलं. २०१६ मध्ये फायरफॉक्स ४८ नं सहीशिवायची एक्स्टेन्शनं नाकारली, तेव्हा वेबड्रायव्हरचा जुना रस्ता तुटला. ऑगस्ट २०१७ मध्ये आयडीई बंद पडलं. १४ नोव्हेंबर २०१७ ला फायरफॉक्स ५७ आला आणि 'पद्मा' ज्या बांधणीची होती ती बांधणीच इतिहासजमा झाली.

नव्या बांधणीची एक्स्टेन्शनं तपासताना कळलं, की नुसतं रूपांतर तपासून भागत नाही. सुट्या शब्दांवर सगळं बरोबर निघतं. भांडण होतं ते एक्स्टेन्शन, ब्राउझर आणि पान एकत्र आल्यावर. पान बातम्या मागाहून आणतं, म्हणून एक्स्टेन्शन पानातल्या बदलांवर नजर ठेवतं. पण अक्षरं पालटणं हाही बदलच! ते स्वतःच्याच बदलामागे धावत सुटतं आणि टॅब गोठतो. जुन्या फॉन्टात बसलेला 'पीडीएफ' हा इंग्रजी शब्दही भलतंच मराठी होऊन येतो. हे पकडायला खरा ब्राउझर, खरं पान आणि आत बसवलेलं एक्स्टेन्शन, तिन्ही लागतात.

क्रोमनं २०१७ मध्ये पडद्याविना चालायची सोय केली, पण त्यात एक्स्टेन्शन चालत नसे. सर्व्हरवर एक्सव्हीएफबीचा खोटा पडदा उभारून आम्ही दिवस काढले. पडद्याविनाही एक्स्टेन्शन चालवून खरी सुटका २०२३ मध्ये क्रोम ११२ नं केली. मॅनिफेस्ट ३ या एक्स्टेन्शनांच्या नव्या रचनेत एक्स्टेन्शनचा पार्श्वभूमीतला भाग ३० सेकंद रिकामा बसला की ब्राउझर त्याला बंद करतो. म्हणून माझ्या चाचणीत मुद्दाम मिनिटभर थांबून मग बटण दाबायचा टप्पा आहे. २०२५ मध्ये क्रोम १३७ नं ब्राउझर सुरू करतानाच्या आदेशातून एक्स्टेन्शन बसवायची सोयही काढली, आणि मी सगळं क्रोमियमवर हलवलं. गिऱ्हाईक वापरतं क्रोम, तपासणी होते क्रोमियमवर, आणि हा फरक बिलात कुठं लिहायचा हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.