खारटांत नांदणारे जीव

मीठ हें आपल्या घरांतील फार जुनें रक्षक होय. कैरीच्या फोडींना मीठ लावलें कीं पाणी सुटतें. जंतूंच्या देहांतूनहि मीठ तसेंच पाणी ओढून काढतें, म्हणून लोणचें वर्षभर टिकतें. मग मिठागरांत, मीठ धरण्यापूर्वीं, पुष्कळदां पाणी तांबूस होतें, तें कशानें? खारटांतच सुखानें नांदणाऱ्या सूक्ष्म जीवांनीं!

जून 2020 मध्यें बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवर असेंच गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें नमुने तपासले, तेव्हां तो रंग क्षारप्रिय जीवांचा ठरला. असले जीव पोटॅशियमचे क्षार पेशींत भरून घेतात व आंतबाहेरचा तोल राखतात.

दुसऱ्या कित्येक जीवाणूंची युक्ति निराळी. इजिप्तमधील वादी नत्रून या वैराण खोऱ्यांतल्या खाऱ्या तळ्यांत मिळालेल्या एका जीवाणूंत गॅलिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांना 1985 सालीं ‘एक्टोईन’ हें द्रव्य सांपडलें. जीवाणू तें स्वतः घडवितो. तें पेशींतील पाणी राखतें आणि प्रथिनांची घडी विस्कटूं देत नाहीं. 1997 सालीं गॅलिन्स्कींनीं एका सहकारी विदुषीसह, दुसऱ्या एका क्षारप्रिय जीवाणूंतील, तें घडविणारीं जनुकें प्रसिद्ध केलीं. एक्ट-ए, एक्ट-बी व एक्ट-सी अशीं तीं तीन जनुकें शेजारींशेजारीं असतात. प्रत्येकाचें विकर घडणीची एकेक पायरी पुरी करतें. तीं आंतड्यांतील एका साध्या जीवाणूंत घालतांच तोहि एक्टोईन करूं लागला.

पाऊस पडून खारेपण उतरलें कीं हें द्रव्य बाहेर टाकावें लागतें. नाहींतर पाणी आंत शिरून पेशी फुटावयाची. हें हेरून कारखान्यांत जीवाणू आधीं खाऱ्या, मग कमी खाऱ्या पाण्यांत ठेवून त्याचें जणूं दूधच काढतात. डोळ्यांच्या व नाकाच्या औषधांत आणि त्वचेच्या मलमांत तें आज वापरतात.

1930 सालीं वडाळा व शिरोडें येथें मिठाच्या हक्कासाठीं लोकांनीं लाठ्या सोसल्या. पुढें 1970 नंतर नवी मुंबईसाठीं जमिनी घेतल्या गेल्या, त्यांत आमच्या पनवेल-उरणकडील मिठागरेंहि गेलीं. खारी जमीन म्हणजे पडीक जमीन, ही आपली समजूत! पण वादी नत्रूनची भूमि तरी कोणती सुपीक होती? उरलेलें आगर बुजविण्यापूर्वीं त्यांतील ओंजळभर पाणी कोणा अभ्यासकानें तपासावें, एवढेंच माझें मागणें आहे.