हिशेबाचा ताव ते एक्सेल: स्प्रेडशीटची गोष्ट

आजचा विषय वाचून काही जण मनात म्हणाले असतील, दिवसभर ऑफिसात एक्सेल आणि संध्याकाळी व्याख्यानालाही एक्सेलच! पण थोडा वेळ सहन करा. पत्रं लिहिणारा वर्डस्टारही होता, तरी छोट्या कॉम्प्युटरला ऑफिसात टेबल मिळवून दिलं ते मुख्यतः स्प्रेडशीटने. आणि जे रोज हाताखाली असतं त्याचा इतिहास आपण सहसा विचारत नाही.

स्प्रेडशीट हा शब्द कॉम्प्युटरच्या आधीचा आहे. हिशेबनीस रुंद, रेघा मारलेला ताव वापरायचे, त्याचं हे नाव. आपल्याकडे कीर्द होती, खतावणी होती. आडव्या ओळी, उभे रकाने, शेवटी बेरीज. अडचणही सगळीकडे सारखीच. मधला एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या बेरजा खोडायच्या आणि पुन्हा करायच्या.

१९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी होता. आधी प्रोग्रॅमिंगची नोकरी करून आलेला. वर्गात प्राध्यापक फळ्यावर असाच तक्ता मांडायचे. एक आकडा चुकला की तो पुसा, पुढचे सगळे पुसा, परत लिहा. त्याच्या मनात आलं, हा फळाच स्वतः गणित करणारा असता तर? त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन याने प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ साली तो ॲपल टू या मशीनसाठी विक्रीला आला. नाव व्हिजिकॅल्क. ६३ रकाने आणि २५४ ओळी, बस.

यात नवीन काय होतं ते नीट बघा. प्रत्येक चौकटीला पत्ता मिळाला: ए१, बी२. चौकटीत आकडा लिहिता येतो, तसंच सूत्रही लिहिता येतं. म्हणजे ‘बी२ गुणिले सी२’ असं सांगायचं, उत्तर प्रोग्रॅम दाखवणार. आणि बी२ बदलला की त्याच्यावर विसंबलेली सगळी उत्तरं आपोआप बदलणार. त्यामुळे दुकानदार, मॅनेजर, कोणीही विचारू लागला, ‘भाव दहा टक्क्यांनी वाढवला तर?’ पूर्वी हा प्रश्न विचारायला धीर लागायचा, कारण उत्तरासाठी कोणाची तरी अख्खी दुपार जायची. प्रोग्रॅमची किंमत सुमारे १०० डॉलर, मशीनची त्याच्या कितीतरी पट. तरी लोक या एका प्रोग्रॅमसाठी मशीन विकत घेऊ लागले.

ब्रिकलिनला पेटंट मात्र मिळालं नाही. त्या काळी सॉफ्टवेअरला पेटंट मिळण्याची आशा फारच कमी, असा सल्ला त्याला मिळाला होता. त्यामुळे वाट मोकळी राहिली. जानेवारी १९८३ मध्ये मिच केपोर आणि जोनाथन सॅक्स यांचा लोटस १-२-३ आला, आयबीएम पीसीसाठी. एक म्हणजे तक्ता, दोन म्हणजे आलेख, तीन म्हणजे साधा डेटाबेस. १९८५ साली लोटसने व्हिजिकॅल्कची कंपनीच विकत घेतली आणि व्हिजिकॅल्क बंद केलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं एक्सेल आलं, आणि गंमत म्हणजे आधी ॲपलच्या मॅकिंटॉशवर. विंडोजवर ते १९८७ साली पोचलं.

गिऱ्हाईक खेचायचं तर लोटसच्या फायली एक्सेलमध्ये बिनचूक उघडायला हव्यात. इथे एक मजा झाली. लोटस तारखा दिवसांच्या संख्येत साठवायचा, १ जानेवारी १९०० म्हणजे १. त्याच्या हिशेबात १९०० हे लीप वर्ष होतं. ते खरं तर नाही, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. एक्सेलने ही चूक जाणूनबुजून तशीच ठेवली, नाहीतर जुन्या फायलींतल्या तारखा एका दिवसाने सरकल्या असत्या. आज घरी गेल्यावर विंडोजवरच्या एक्सेलमध्ये ६० हा आकडा लिहा आणि त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. असा दिवस कधी उगवलाच नाही!

ही चूक निरुपद्रवी आहे. सगळ्या तशा नसतात. आमच्या सोसायटीतली गोष्ट सांगतो. खजिनदार काका निवृत्त गृहस्थ, वर्षानुवर्षं वहीत हिशेब लिहिणारे. आम्हीच आग्रह करून त्यांना एक्सेलवर आणलं. वार्षिक सभेत तक्त्यातली शिल्लक जास्त आणि पासबुकातली कमी. अठरा हजारांचा फरक. कोणी उघड बोललं नाही, पण नजरा बोलत होत्या. रात्री बसून कागदावर बेरीज केली तेव्हा कळलं, प्लंबरची तीन बिलं मागाहून खाली लिहिली होती आणि खर्चाच्या सूत्राची मर्यादा त्यांच्या वरच संपत होती. पैसे होते तिथेच होते. काकांनी पुढच्या वर्षी पद घेतलं नाही.

आता हीच चूक मोठ्या जागी बघा. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी मांडलं की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची वाढ सरासरी उणे ०.१ टक्का होते. युरोपात खर्चकपातीच्या समर्थनासाठी हा अभ्यास पुढे केला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल मिळवून उघडली. सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ याच ओळी होत्या. पाच देश बाहेर. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांच्या गणिताने सरासरी २.२ टक्के आली. सगळा फरक त्या पाच ओळींचा नव्हता. कोणती वर्षं धरायची, कोणाला किती वजन द्यायचं, हाही वाद होता. पण ती फाइल दुसऱ्या कोणी उघडेपर्यंत तीन वर्षं गेली.

तिसरं उदाहरण २०२० चं. इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले, कारण माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फायलीत भरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. नव्या प्रकारात दहा लाखांहून जास्त मावतात, २००७ पासून. या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत निरोप गेला नाही.

वहीत बेरीज करणारा माणूस प्रत्येक आकड्यावरून नजर फिरवायचा, आणि मग ताळा बघायचा. स्प्रेडशीटने नजर फिरवण्याचं काम वाचवलं, त्याबरोबर आपण ताळाही सोडून दिला. तक्त्यात दिसतं ते उत्तर. ते कुठून आलं, ते चौकटीच्या मागे राहतं. म्हणून दोन सवयी लावून घ्या. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एस्केपच्या खालची कळ एकत्र दाबली की आकड्यांच्या जागी सूत्रं दिसतात, ती एकदा वाचा. आणि बेरीज पाठवण्याआधी दुसऱ्या वाटेने ताळा करा, पासबुकाशी, पावत्यांशी, नाहीतर दुसऱ्या माणसाकडून. काकांच्या बाबतीत आम्ही हे सभेच्या आदल्या दिवशी करायला हवं होतं.

एवढं बोलून थांबतो. आता प्रश्न विचारा.