मच्छी भवनची दारू आणि मोलचा हिशेब

अकरावीला विज्ञान घेतलेली पुष्कळ मुलं 'मोल' या शब्दापाशी अडतात, हे तुमच्यातल्या पालकांना सांगायला नको. म्हणून आज इतिहासाच्या गप्पांत थोडं रसायनशास्त्र. मी तोफखान्यातला निवृत्त माणूस, मुक्काम लखनऊ छावणी. तेव्हा उदाहरण दारूचं. पिण्याची नव्हे, तोफेची.

१ जुलै १८५७ ची रात्र. आदल्या दिवशी चिनहटला इंग्रजांचा पराभव झाला होता. हेन्री लॉरेन्सने ओळखलं की दोन ठिकाणं एकाच वेळी लढवता येणार नाहीत. गोमतीकाठचा मच्छी भवनचा किल्ला सोडायचा आणि सगळी माणसं रेसिडेन्सीत आणायची, असा हुकूम निघाला. तो रेसिडेन्सीच्या छतावरून खुणांच्या यंत्राने कळवावा लागला. मध्यरात्री तुकडी गुपचूप बाहेर पडली आणि मागे पेटती वात ठेवून आली. दारूची २४० पिंपं उडाली. आज त्या जागेवर किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ उभं आहे. (आणि मी राहतो ती छावणी तेव्हाची नव्हे. १८५७ ची छावणी गोमतीपलीकडे मडियांवला होती.)

एका पिंपात शंभर पौंड धरले तर ही दारू सुमारे अकरा टन होते. ब्रिटिश सरकारी दारूचं प्रमाण होतं शंभर भागांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. म्हणजे त्या ढिगाऱ्यात सव्वाआठ टनांच्या आसपास नुसता सोरा. हे प्रमाण कुणी कागदावर काढलं नव्हतं. कारागिरांनी कित्येक पिढ्या कमीजास्त करून, उडवून पाहून ते गाठलं होतं. पण ७५ च का?

शिंद्यांच्या किंवा होळकरांच्या पागेचा विचार करा. शंभर घोड्यांना शंभर स्वार आणि चारशे नाल लागतात. नालांचं लोखंड बाजारात वजनावर मिळतं, पण घोड्याला नाल लागतात मोजून. त्यामुळे कारकुनाला एका नालाचं वजन ठाऊक हवं. की मग वजनावरून संख्या आणि संख्येवरून वजन काढता येतं. मोल म्हणजे हेच. मराठीत मोल म्हटलं की किंमत आठवते, तिच्याशी याचा संबंध नाही. ही मोजणीची गड्डी आहे, डझनासारखी. डझनात बारा, तर मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २० मे २०१९ पासून हाच आकडा मोलची व्याख्या आहे. इतका अवाढव्य आकडा एवढ्याचसाठी, की अणूचं वजन तक्त्यात जितकं दिलंय तितके ग्रॅम घेतले की बरोबर एक मोल भरावा. कार्बन १२ ग्रॅम, गंधक ३२ ग्रॅम, सोरा १०१ ग्रॅम.

दारू पेटते त्याचं सर्वांत सोपं समीकरण असं: सोऱ्याचे दोन मोल, गंधकाचा एक, कार्बनचे तीन. आता वजनं घाला. सोरा २०२ ग्रॅम, गंधक ३२, कार्बन ३६. एकूण २७०. टक्केवारी काढा: सोरा ७४.८, कार्बन १३.३, गंधक ११.९. अणूरेणूंचं नावही न ऐकलेले कारागीर कुठे पोहोचले होते ते बघा! कोळशाचा आकडा १३ ऐवजी १५ दिसतो, कारण लाकडी कोळसा म्हणजे निव्वळ कार्बन नसतो. त्यात राख असते, थोडा हायड्रोजन आणि ऑक्सिजनही असतो.

आता परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. सोरा ७५ किलो आहे, गंधक भरपूर आहे, पण कार्बन फक्त १० किलो. १० किलो कार्बन म्हणजे ८३३ मोल. तीनास दोन या हिशेबाने तो ५५५ मोल सोरा वापरील, म्हणजे ५६ किलो. उरलेला १९ किलो सोरा त्या दारूत नुसतं ओझं. जो घटक आधी संपतो तो सगळ्यांना थांबवतो. पागेत पन्नासच स्वार असतील तर शंभर घोड्यांचा काय उपयोग?

राजकारणात असा थांबवणारा घटक होता सोरा. कोळसा कुठेही पाडता येतो, सोरा नाही. तो गंगेच्या मैदानात, गोठ्यांजवळच्या आणि जुन्या भिंतींखालच्या खाऱ्या मातीत तयार होतो. मातीतले जिवाणू शेणामुतातल्या नायट्रोजनपासून नायट्रेट बनवतात आणि नोनिया समाजाचे लोक ती माती पाण्याने धुऊन सोरा काढत. प्लासीनंतर १७५८ मध्ये कंपनीने बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. माझ्या मते लढायांच्या इतिहासात या मक्त्याची नोंद फार त्रोटक होते. फ्रान्सला सोऱ्याची चणचण भासली, तेव्हा १७७५ मध्ये सरकारी दारूखात्याच्या कारभारावर लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाला नेमलं गेलं. तराजूला रसायनशास्त्रात मानाची जागा देणारा हाच. १७९४ मध्ये क्रांतीने त्याचा शिरच्छेद केला. त्याआधी दोनच वर्षं, १७९२ मध्ये, रिख्टर या जर्मन माणसाने अशा हिशेबाला 'स्टॉइकिओमेट्री' हे नाव दिलं होतं.

त्याच काळात लखनऊच्या नवाबाचं शस्त्रागार क्लोद मार्टिन हा फ्रेंच माणूस सांभाळत होता. आमच्या छावणीजवळचं ला मार्टिनिअर कॉलेज त्याच्याच पैशातून उभं राहिलं. महादजी शिंद्यांची कवायती पलटण उभारणारा डी बॉयन हा त्याचा स्नेही. शिंद्यांची नोकरी सोडून तो काही काळ लखनऊला व्यापार करत होता आणि महादजींनी त्याला पुन्हा बोलावून घेतलं.

मच्छी भवनकडे परत येऊ. २७० ग्रॅम दारूतून चार मोल वायू निघतो, नायट्रोजनचा एक आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन. शून्य अंश तापमानाला आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला एक मोल वायू २२.४ लिटर जागा घेतो. म्हणजे किलोमागे सुमारे ३३० लिटर, आणि अकरा टनांमागे ३६ लाख लिटरांच्या वर. उष्णतेने तो कितीतरी पट फुगतो ते वेगळंच. पण २७० ग्रॅममधले ११० ग्रॅम वायू होतच नाहीत, ते पोटॅशिअम सल्फाइड म्हणून घनरूपच राहतात. प्रत्यक्षात ज्वलन याहून गुंतागुंतीचं असतं आणि अर्ध्याहून जास्त वजन घनरूप उरतं. तोच तो पांढरा धूर. चारदोन फैरी झडल्या की गोलंदाजाला समोरचं काही दिसत नसे आणि नळीत काट साचे, ती दर फैरीनंतर ओल्या बोळ्याने पुसावी लागे.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू शोधली. तिचं समीकरण पुढच्या भागात मांडू. कागद-पेन्सिल घेऊन बसा.