सतरा नंबरचा अर्ज

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना परीक्षेची गोष्ट काढणे काही शहाणपणाचे नव्हे. परंतु वाचकहो, जिने वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पदरी तान्हे मूल असताना दहावीची परीक्षा दिली, तिला सुचून सुचून दुसरे काय सुचणार? अशा परीक्षेला आपल्याकडे 'बाहेरून बसणे' म्हणतात, आणि त्यासाठी भरावयाचा अर्ज सतरा नंबरचा. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, त्याला परीक्षेच्या बाकावर नेऊन बसवणारा हा कागद.

माझी शाळा आठवीनंतर सुटली. भिवंडीत वडील यंत्रमागावर रात्रपाळीला जात. आई अंथरुणाला खिळलेली, पाठची तीन भावंडे. लग्न जमवताना मध्यस्थांनी मला 'दहावी झालेली' म्हणून सांगितले आणि मी खाली मान घालून ऐकून घेतले. पुढे सहा वर्षे ते खोटे मी पदरात निखारा बांधावा तसे वागवले. शेवटी एका दुपारी सासूबाईंपाशी बोलले. त्या घटकाभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "झालं ते झालं. आता खरं करून दाखव. पोराला मी बघते."

त्या वेळी मला वाटे, घरसंसारात पडल्यावर पुन्हा पुस्तक उघडणारी मीच पहिली. पुढे वाचन वाढले तेव्हा कळले की या वाटेवर आपल्या आधी थोरामोठ्यांची पावले उमटलेली आहेत.

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा ज्याच्या हाती खुरपे, त्याच्या हाती रात्री पाटी. हे जोतीरावांना सुचले, कारण त्यांची स्वतःची शाळा एकदा तुटलेली होती. वडिलांनी त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले. सावित्रीबाईंचे शिक्षण तर लग्नानंतरचेच.

पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या आणि दिवसभर राबणाऱ्यांची वस्तीही वाढली. प्रार्थना समाजाने १८७६ साली कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढल्या. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिनेही रात्रीचे वर्ग आणि वाचनालये चालवली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनात १९०९ पासून वयाने वाढलेल्या बायका अक्षरे गिरवू लागल्या. रमाबाई स्वतः सासरी, घरातल्या बायकांचा रोष सोसून शिकल्या होत्या.

परंतु अक्षरओळख निराळी आणि परीक्षेचा दाखला निराळा. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर गेली. गाव साक्षर झाले की ग्रामगौरवाचा समारंभ होई. ते काम मोठेच. पण सही करता येणाऱ्या बाईला त्या सहीवर नोकरी मिळत नाही. तिला लागते मॅट्रिक! मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्याच परीक्षेचे. १९४९ साली तिच्या जागी शालान्त परीक्षा आली आणि १९७५ साली अकरावीची दहावी झाली. तरी आमच्या आळीतल्या आजीबाई अजून मॅट्रिकच म्हणतात.

या मॅट्रिकचे दार मोठ्या बायकांसाठी देशभर उघडले ते दुर्गाबाई देशमुखांनी. मूळच्या त्या आंध्रच्या. शाळेत इंग्रजीची सक्ती झाली म्हणून लहानपणीच त्यांनी शाळा सोडली. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगवास सोसला, आणि बाहेर आल्यावर घरी अभ्यास करून बनारसची मॅट्रिक दिली. मग मद्रासमध्ये त्यांनी इतर मुलींना त्याच परीक्षेसाठी शिकवायला घेतले. त्यातूनच आंध्र महिला सभा उभी राहिली. १९५३ साली चिंतामणराव देशमुखांशी विवाह करून त्या आपल्या कोकणच्या सूनबाई झाल्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. या मंडळाने १९५८ साली शाळा सुटलेल्या बायकांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केला. दोन वर्षांत मॅट्रिकची तयारी करून घ्यायची, आणि मग शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका होण्याची वाट मोकळी. चूल सांभाळणाऱ्या बाईला पहिलीपासून पुन्हा शाळा करता येत नाही, हे दुर्गाबाईंना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

जोतीराव काय, रमाबाई काय, दुर्गाबाई काय, ज्यांना दार बंद असल्याचे ठाऊक होते, त्यांनीच ते दुसऱ्यांसाठी उघडले. आमच्याच ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा निघाली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून साठीपुढल्या आज्या शाळेत जाऊ लागल्या. त्यांना दाखला नको होता, नोकरीही नको होती. अंगठा उठवण्याची लाज तेवढी पुसायची होती.

माझे म्हणाल, तर पहिल्या खेपेस गणितात नापास झाले. घरभर मिठाई वाटण्याचे बेत होते. त्या रात्री कुणी जेवले नाही. दुसऱ्या खेपेस पास झाले, आणि सासूबाईंनी गुणपत्रिका देवापुढे ठेवली. त्यापुढे मी परीक्षा दिली नाही. सकाळी बालवाडी, दुपारी कादंबरीचे लेखन, आणि संध्याकाळी घरच्याच ओसरीवर सतरा नंबरवाल्यांचा वर्ग. कांड्या भरून आलेल्या बायका, मागावरून सुटलेली पोरे. कुणाची घरची भाषा तेलुगू, कुणाची उर्दू, कुणाची आगरी.

परवा त्यांतली एक, दोन मुलांची आई, भरलेला अर्ज मागे घ्यायला आली. "बाई, नापास झाले तर मुलं हसतील."

मी तिच्यापुढे माझी पहिली गुणपत्रिका ठेवली. गणिताचे गुण तिने दोनदा वाचले. मग काही न बोलता पिशवीतून चाळिशी काढली आणि वही उघडली.

वाचकहो, दिवाळीत घरी सगळी मंडळी जमतील. वहिनी, मावशी, आत्या, कामाला येणाऱ्या बाई, कुणाची शाळा कितवीत सुटली ते एकदा मायेने विचारून पाहा. मात्र उत्तर आले, की पुढचा अर्ज तुम्हीच आणून द्यायचा!