छायाचित्राखालची ओळ

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा या आदिवासी गावी आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याच्या बाजूने आलेले, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. मुले पळवणारी टोळी आली, अशी हाकाटी झाली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून मारून पाचही जणांचा जीव घेतला. त्याच रात्री शेजारच्या मालेगावातही असाच जमाव जमला. तेथे लहान मूल बरोबर असलेल्या पाच जणांना पोलिसांनी वाचवले.

त्या दिवसांत धुळे-मालेगाव भागातील मोबाईल फोनांवर ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यांपैकी एकीत मृत बालकांची चित्रे होती. मुलांना पळवून त्यांचे अवयव काढले जातात, असे त्याबरोबर सांगितले जात होते. पत्रकारांनी शोध घेतला तेव्हा निघाले, की ती चित्रे सीरिया देशातील होती. २१ ऑगस्ट २०१३ रोजी दमास्कस शहराजवळच्या घौटा भागात सरीन या विषारी रसायनाचा मारा झाला. त्यात मेलेली ती बालके होती. जगाला एका भयंकर गुन्ह्याची साक्ष मिळावी म्हणून ती चित्रे घेतली गेली होती. पाच वर्षांनी आणि हजारो किलोमीटरांवर तीच चित्रे दुसऱ्याच गोष्टीचा पुरावा म्हणून दाखवली गेली. आणखी एक फीत मुले पळवण्याच्या प्रकाराची म्हणून फिरत होती. ती मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली जाहिरात होती. शेवटचा खुलासा कापून टाकला, की जाहिरातीची बातमी झाली.

एका फितीने खून झाले, असे म्हणणे फार सोपे होईल. भटक्यांविषयीचा जुना संशय आधीपासून मनात होताच. फितीने त्याला डोळ्यांना दिसणारा आधार दिला. पण चित्र खरे असूनही खोटे कसे बोलू शकते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर वृत्तछायाचित्राच्या इतिहासात आहे.

चित्र काय सांगते?

छायाचित्र म्हणजे प्रकाशाची नोंद. भिंगातून आलेला प्रकाश चांदीच्या क्षारांवर किंवा हल्ली सिलिकॉनच्या चकतीवर पडतो आणि उजेड-अंधाराचा नकाशा उमटतो. या नकाशात गावाचे नाव नसते, तारीख नसते, मृत्यूचे कारण नसते. सरीनने मेलेल्या माणसाच्या अंगावर बाहेरून जखमही दिसत नाही. ‘कोण, कुठे, केव्हा, का’ हे सारे चित्राबाहेरून, शब्दांनी सांगावे लागते. वृत्तपत्राच्या कचेरीत या शब्दांना कॅप्शन किंवा फोटोओळ म्हणतात.

ही गोष्ट खानदेशाला नवी वाटू नये. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावी केकी मूस (१९१२-१९८९) हे थोर छायाचित्रकार राहत. घराबाहेर ते क्वचितच पडत. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, त्यांवर नेमका उजेड पाडून ते असे देखावे टिपत, की पाहणाऱ्याला ते खरेच वाटावेत. या प्रकाराला टेबलटॉप छायाचित्रण म्हणतात. मूस यांनी ते कला म्हणूनच लोकांपुढे ठेवले, त्यामुळे कोणी फसले नाही. पण त्यातून एक धडा मिळतो. देखावा डोंगराचा की टेबलावरचा, हे कॅमेरा सांगत नाही, छायाचित्रकार सांगतो.

दुष्काळ आणि प्लेग

१८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपाशी माणसांची छायाचित्रे घेतली. हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीने बसवून, उभे करून ती टिपलेली आहेत. विलायतेत लोक ती पाहून हादरले. मात्र या माणसांना अन्न मिळाले का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्यांतील एका चित्राखालची ओळ अशा अर्थाची आहे, की ही माणसे फुकट मदतीस पात्र होत. माणसांची नावे नाहीत, गाव नाही. पात्र-अपात्र ठरवणाऱ्या सरकारचा आवाज तेवढा आहे.

त्या काळी छायाचित्र थेट वृत्तपत्रात छापता येत नसे. कोरक्या माणूस चित्र पाहून लाकडावर नक्षी कोरी, आणि त्यात त्याची कल्पनाही मिसळे. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने हाफटोन पद्धतीने झोपडवस्तीचे छायाचित्र छापले. चित्र बारीक जाळीतून पाहून त्याचे लहानमोठे ठिपके करायचे आणि त्यांचा ब्लॉक बनवायचा, अशी ही युक्ती. छापील चित्रावर भिंग धरले तर हे ठिपके आजही वर्गात दाखवता येतात. कोरक्या मध्ये उरला नाही, म्हणून वाचकाला वाटू लागले की आता घटनाच आपल्यासमोर आली आहे. छायाचित्रावरचा आपला विश्वास वाढला तो येथून.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. पुढच्या काही वर्षांत ही साथ रेल्वेच्या वाटेने इलाखाभर, खानदेशातही पसरली. मुंबईत १८९७ साली प्लेग समितीच्या कामाची छायाचित्रे काढली गेली. त्यांतील पुष्कळशी कॅप्टन सी. मॉस यांची आहेत. पाण्याच्या फवाऱ्याने धुतली जाणारी घरे, इस्पितळातल्या खाटा, प्रवाशांची तपासणी, वेगळे ठेवलेल्या लोकांच्या झोपड्या, असे त्यांत दिसते. साथीच्या इतिहासाची ही मोलाची साधने आहेत. पण ती ज्याने काढवली त्याच्या बाजूने काढलेली आहेत. सोजिरांनी घरात शिरून झडती घेतली, त्याचा जो संताप लोकांच्या मनात साठला, तो या चित्रांत शोधून सापडत नाही. त्याच संतापाच्या पोटी २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. चौकटीत काय आहे यापेक्षा चौकट कोणी आखली, हे विचारल्याशिवाय या चित्रांचा अर्थ लागत नाही.

रस्त्यावरची माणसे

१९३०-३१ च्या कायदेभंगाच्या चळवळीत कॅमेरा दुसऱ्या बाजूला गेला. मुंबईत मिठाचा सत्याग्रह, परदेशी कापडाच्या दुकानांवरील निरोधने, प्रभातफेऱ्या आणि लाठीमार यांची सुमारे अडीचशे छायाचित्रे एका आल्बममध्ये उरली आहेत. के. एल. नरसी यांच्या नावाचा हा आल्बम दिल्लीच्या अल्काझी संग्रहात आहे. रस्त्यावर पाय रोवून उभ्या राहिलेल्या शेकडो स्त्रिया त्यात दिसतात. पण पुढाऱ्यांची नावे कळतात तशी या स्त्रियांची कळत नाहीत, आणि छायाचित्रे घेणारेही बहुतेक अज्ञातच आहेत. चित्र टिकले, ओळ पुसली.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या, त्यातही आदिवासी बायाबापड्यांच्या, फोड आलेल्या पावलांची छायाचित्रे जगभर छापली गेली. मागणीपत्रातल्या कलमांनी जे झाले नसते ते या पावलांनी केले. शहरातली माणसे पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर आली. त्या मोर्चाची चित्रे २०२० साली मात्र दुसऱ्याच शेतकरी आंदोलनाची म्हणून पुन्हा फिरवली गेली. आंदोलन खरे, चित्रही खरे, पण दोहोंची गाठ खोटी. अशा फसव्या गाठीमुळे पुढे खऱ्या चित्रावरचाही विश्वास उडतो.

ओळीचा प्रामाणिकपणा कसा असतो, याचे उदाहरण भोपाळचे आहे. डिसेंबर १९८४ मधील वायुदुर्घटनेनंतर पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला त्या वर्षीचा जागतिक वृत्तछायाचित्र पुरस्कार मिळाला. ते बालक कोणाचे, हे आजवर कळलेले नाही, आणि चित्राची ओळही त्याला अनोळखी असेच म्हणते. जे माहीत नाही त्याच्या जागी काही घुसडले नाही, म्हणून ते चित्र साक्ष म्हणून उभे आहे.

वाघ, हत्ती आणि बिबट्या

वन्य प्राण्यांच्या छायाचित्रांची सुरुवात शिकारीने झाली. मेलेल्या वाघाशेजारी बंदूक घेऊन उभा असलेला साहेब, हा त्यांचा ठरलेला साचा. १९२० नंतर एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने वाटेवर तार बांधून, वाघाचाच पाय लागून कॅमेरा चालावा अशी सोय केली. १९२५ साली अशी चित्रे ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये आली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्यांवरून वाघ ओळखता येतो, हेही चॅम्पियनच्या ध्यानात आले होते. आजचे कॅमेरा ट्रॅप त्याच कल्पनेवर चालतात. चित्राच्या कडेला तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदलेले असते. ही नोंद काढली, की शास्त्राच्या दृष्टीने त्या चित्राची किंमत जवळजवळ शून्य होते.

२०१७ साली पश्चिम बंगालच्या बाँकुरा जिल्ह्यात बिप्लव हाजरा यांनी घेतलेले एक चित्र जगभर गाजले. जमावाने फेकलेल्या आगीच्या गोळ्यांतून हत्तीण आणि तिचे पिल्लू पळत आहेत, पिल्लाच्या अंगावर ज्वाळा आहेत. क्रौर्य खरेच आहे. पण हत्तींनी तुडवलेले भात आणि मारलेली माणसे त्या चौकटीत मावत नाहीत. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आमच्या चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या खोऱ्यात एका बिबट्याने शेतात काम करणाऱ्या बायकांचे आणि मुलांचे बळी घेतले. डिसेंबरात वनखात्याच्या आदेशाने त्याला गोळी घातली गेली. मेलेल्या बिबट्याचे चित्र एकट्याने पाहिले तर प्राण्याची कीव येते, आणि बळी गेलेल्या बाईच्या घराचे चित्र एकट्याने पाहिले तर बिबट्याचा राग येतो. माणूस आणि बिबट्या एकाच पिकात का येऊन पोचले, हे दोन्ही चित्रे शेजारी ठेवून, त्याखाली सविस्तर लिहूनच समजावता येते.

ओळ कशी तुटते?

१ जानेवारी १९३५ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तारेवरून छायाचित्रे पाठवण्याची सेवा सुरू केली. कागदावर टंकलेली ओळ चित्राच्या कडेलाच चिकटवलेली असे, म्हणजे चित्राबरोबर तीही तारेवरून जाई. पुढे संगणक आले, तेव्हा हीच माहिती चित्राच्या फाईलमध्ये लपवून ठेवण्याची सोय झाली. डिजिटल कॅमेरा तारीख आणि वेळ आपोआप नोंदतो, कधी ठिकाणही नोंदतो. मात्र व्हॉट्सॲपवरून चित्र पाठवले, की ते लहान करताना ही लपलेली नोंद गळून पडते. पहिल्याच हस्तांतरात ओळ तुटते आणि पुढे पाठवणारा प्रत्येक जण आपली ओळ जोडण्यास मोकळा होतो. राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्येच, त्या कंपनीने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. त्यामुळे वेग कमी होतो. तुटलेली ओळ जोडली जात नाही. ते काम पाहणाऱ्याचे आहे.

या कामाची रीतही खानदेशातच सापडते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर अस्सल कागद गोळा केले. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या दप्तरांसाठी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. बखरीत लिहिले आहे एवढ्यावर राजवाडे विश्वास ठेवत नसत. कागद कोणाचा, कोणत्या मितीचा, कोणाच्या दप्तरात मिळाला, दुसऱ्या कागदाशी जुळतो का, असे ते विचारीत. आपल्या हातातील छायाचित्रालाही हेच चार प्रश्न लागू पडतात.

शिक्षकमित्रांना आमची सूचना साधी आहे. वर्तमानपत्रातील एक छायाचित्र कापून, ओळ झाकून फळ्यावर लावावे. मुलांना आधी फक्त दिसते तेवढे लिहायला सांगावे: दुकानाच्या पाट्यांची लिपी, वाहनांचे क्रमांक, झाडे, कपडे, सावल्यांची लांबी. मग दुसऱ्या रकान्यात आपला अंदाज लिहू द्यावा. त्यानंतर ओळ उघडावी. दोन रकान्यांतील अंतर मुलांना स्वतःच दिसेल. मोठ्या मुलांना संगणकावर चित्रावरून चित्र शोधण्याची सोय दाखवावी. जुने चित्र पूर्वी कोठे छापले होते, ते तिने बहुधा काही क्षणांत कळते.

राईनपाड्याच्या बाजारात जमलेल्यांतही शाळेत गेलेली माणसे असणारच. अक्षरे वाचायला आपण त्यांना शिकवले होते. चित्र वाचायला शिकवणे आपल्या अभ्यासक्रमात नव्हते. ते आता आपल्याच वर्गात सुरू करता येईल.